शेवटचा बदल

वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात ‘गोपनीयता धोरण’ असं लिहिलेलं असतं. सांगली-मिरजेकडच्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट मी चौदा वर्षं सांभाळतेय. त्यातली पहिली काही वर्षं हे पान मी कसं करायचे, ते सांगायलाही लाज वाटते. कुठूनतरी तयार मसुदा उचलायचा, नाव बदलायचं, चिकटवायचं. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या पानावर ‘वाद उद्भवल्यास कॅलिफोर्नियाचे कायदे लागू होतील’ हे वाक्य दोन वर्षं तसंच होतं. कुणी वाचलं नाही म्हणून निभावलं. त्याहून वाईट म्हणजे ‘शेवटचा बदल’ या शब्दांपुढे मी तारीख लिहायचेच नाही. ज्या दिवशी पान उघडाल त्या दिवशीची तारीख आपोआप उमटेल, असा एका ओळीचा कोड टाकून ठेवायचे. शिळ्या कढीला रोज नवा ऊत.

ही खोड मोडली मसालेवाल्या काकूंमुळे. घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ हा त्यांचा व्यवसाय. एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांना फोन केला, “तुमच्या साइटवर गोडा मसाला नुसता बघितला, तर आता फेसबुक उघडलं की तुमचाच मसाला समोर येतोय. आणि तुम्ही तर लिहिलंय, आम्ही तुमची माहिती कुणालाही देत नाही!” काकूंनी लगेच मला फोन लावला, “अगं, आपण कुणाला काय दिलं?”

शोधलं तेव्हा कळलं. दिवाळीच्या जाहिराती करताना काकूंच्या पुतण्यानं साइटवर फेसबुकचा पिक्सेल बसवला होता. कोण आलं, काय बघून गेलं, हे त्या चिमुकल्या कोडमुळे जाहिरातवाल्यांकडे जात होतं. पुतण्याला धोरणाचं पान ठाऊक नव्हतं, मला पिक्सेल ठाऊक नव्हता. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा खरंच होतं. मागाहून दुकान बदललं, वाक्य जागचं हललं नाही.

तेव्हापासून धोरण तपासायचं असलं की मी आधी ते पान उघडतच नाही. दुकानात जाऊन बसते आणि एका ऑर्डरचा माग काढते.

“काकू, ऑर्डर आली की पहिल्यांदा कुठं दिसते?”
“मेलवर. मग मी वहीत लिहिते.”
“आणि वहीतून?”
“रात्री सून एक्सेलमध्ये भरते. पत्ता-फोन कुरियरवाल्याला. पैशाचं ते गेटवेवालेच बघतात. महिन्याला सगळी बिलं सीएकडे.”
“आणि नवीन चकली आली की?”
“मग व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवते की!”

दहा मिनिटांत माझ्या कागदावर सहा-सात घरं तयार होतात: मेल, वही, एक्सेल, कुरियर, गेटवे, सीए, व्हॉट्सअ‍ॅप. प्रत्येक घरापुढे तीनच प्रश्न. काय जातं, कशासाठी जातं, किती दिवस राहतं. उत्तरं सरळ लिहून काढली की धोरणाचा मसुदा निम्मा झालाच. या बैठकीत नको ते सामानही सापडतं. काकूंच्या फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना होता. कशाला, तर वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला. आजवर एकही शुभेच्छा गेली नव्हती. रकाना काढला, धोरणातली एक ओळ कमी झाली. जी माहिती घेतलीच नाही ती जपावीही लागत नाही.

कायद्याकडे मी यानंतर वळते. २०११च्या नियमांपासून असं धोरण वेबसाइटवर असावं ही अपेक्षा होतीच. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. त्यातल्या अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा मी काकूंना ऐकवत नाही. तो ऐकून लोक पुन्हा कुठूनतरी भलंमोठं धोरण उचलून आणतात. कामाच्या गोष्टी सांगते. माहिती कशासाठी घेतो ते सोप्या भाषेत सांगायचं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. म्हणून काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपाखाली आता ‘नको असल्यास “नको” एवढंच कळवा’ अशी ओळ असते. वहीतला कागद या कायद्यात येत नाही, पण सुनेनं तो एक्सेलमध्ये भरला की येतो. हे ऐकून काकू सुनेकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे गुन्हेगार तू!”

एक चूक मात्र उत्साहात हमखास होते. ‘तुम्ही सांगाल त्या क्षणी तुमची सगळी माहिती पुसून टाकू’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. जीएसटीच्या कायद्यानं बिलांच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्याच लागतात. तेव्हा ‘फोन नंबर निरोपांच्या यादीतून काढू, बिल मात्र कायद्यानं ठेवावं लागतं’ हेच खरं वाक्य. आणि जुन्या बॅकअपमध्ये तो नंबर अजून शिल्लक असेल, तर तेही सांगायला हवं.

नव्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय गिऱ्हाइकाला द्यावी लागते. मराठी त्या बावीस भाषांत आहेच. काकूंचं धोरण मी थेट मराठीत लिहिलं, तेव्हा ते आपसूक लहान झालं. ‘तृतीय पक्ष’ असं लिहायला हात धजेना, ‘कुरियरवाले’ लिहिलं.

आता ते पान एकोणीस ओळींचं आहे. तारीख मी हातानं टाकते आणि खाली काय बदललं ते एका ओळीत लिहिते. गेल्या वेळची ओळ होती, ‘कुरियर कंपनी बदलली.’ ती बदलायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला होता, “उद्यापासून नवीन माणूस पार्सल नेणार आहे. तुझ्या त्या पानावर लिहून टाक आधी.”