तिगावच्या सपरीत सीताबर्डीची लढाई

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड मागे टाकते आणि पांढुर्ण्याला पोचते. मधे कुठेतरी महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू झालेला असतो. फलाटावरच्या पाट्यांची भाषा बदलते, फलाटावरच्या माणसांची बदलत नाही. पांढुर्ण्याच्या पुढचं स्टेशन तिगाव. तिथून रूळ सातपुड्याच्या अंगावर चढायला लागतात आणि चिचोंड्याचा घाट चढून मुलताईच्या पठारावर जातात. जड मालगाड्यांना या घाटात मागून ढकलायला जादा इंजिन लागतं. त्याला आमच्याकडे सगळे ‘बँकर’ म्हणतात. लहानपणी मला बँकर म्हणजे बँकेत काम करणारा माणूस हे फार उशिरा कळलं.

बाबा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. याच घाटातल्या स्टेशनांवर त्यांची बरीचशी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते तिगावच्या जुन्या घरी राहायला आले. मी लीड्सहून दोन वर्षांतून एकदा येतो आणि जमेल तेव्हा पोळ्याच्या आसपास येतो. गेल्या वेळचा पोळा लक्षात राहिला तो माझ्या एका छंदामुळे.

तो छंद सांगताना अजूनही थोडं अवघडायला होतं. मला लढाया ऐकायला आवडतात. कामावर जाताना, भांडी घासताना, रात्री बोटभर उंचीच्या शिशाच्या शिपायांना रंग देताना कानात पॉडकास्ट चालू असतो. डॅन कार्लिनचे चार-पाच तासांचे ‘हार्डकोअर हिस्टरी’चे भाग, जेम्स हॉलंड आणि अल मरे यांच्या दुसऱ्या महायुद्धावरच्या गप्पा, आणि ‘मीपल्स अँड मिनिएचर्स’सारखे खास खेळणाऱ्यांसाठीचे कार्यक्रम. त्यात प्रौढ माणसं अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायाच्या कोटाला कोणता लाल रंग द्यावा यावर तासभर गंभीरपणे बोलतात. मी तितक्याच गंभीरपणे ऐकतो.

हा खेळ नवा नाही. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने नकाशावर खेळायचा ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, आपल्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. दोन्ही बाजू वेगळ्या बसायच्या. मधे एक पंच असायचा आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या शिपायांना दिसू शकेल तेवढंच सांगायचा. बाकी फाशावर. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घरातल्या फरशीवर आणला. जमिनीवर लोळून खेळण्यातल्या तोफांनी शिपाई पाडायचे, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे किती बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आपल्या मंडळाच्या दिवाळीत मुलं पुठ्ठ्याचा आणि मातीचा किल्ला करतात, बुरुजावर मावळे ठेवतात, हळीव पेरून हिरवळ उगवतात. मी करतो ते त्याहून फार वेगळं नाही, असं मी बायकोला सांगत असतो. ती म्हणते, “फरक आहे. मुलं चार दिवसांनी किल्ला आवरतात.”

तर त्या पोळ्याला मी सपरीत बाजेवर पडून पॉडकास्ट ऐकत होतो. बाबा आले. त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी माझ्या कानातलं एक बोंडूक काढून स्वतःच्या कानात घातलं, आवाज पूर्ण वाढवायला लावला आणि पाच मिनिटं ऐकलं.

“हे काय ऐकून राहिला बे? कोनाची लढाई होय?”

मी सांगितलं, वॉटर्लू, १८१५.

“आन् आपली? दोन वर्षांनी नागपुरात झाली ते कोनी सांगत नाई का यात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची. तिगावहून नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि तेव्हा हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचाच. पुढे १८५३ मध्ये राज्य खालसा झालं, मग मध्य प्रांत आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ पर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले होतो, आता पांढुर्णा हाच जिल्हा. मी वॉटर्लूवर कितीतरी तास ऐकलं होतं, सीताबर्डीवर एकही नाही. लढाईचं वर्णन मात्र मी वाचलं होतं. म्हणून म्हटलं, “बाबा, ऐकायला नाही तर खेळू या.”

यामागे आणखी एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी गोटमार होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा मारा करतात. झेंडा काढून आणायचा आणि चंडी मातेच्या चरणी वाहायचा. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली आणि नदीत दोघांवर दगड पडले, अशी गोष्ट सांगतात. भोसल्यांच्या सैन्याशी या मेळ्याचा संबंध जोडणारीही एक गोष्ट आहे. गोष्ट कोणतीही असो, दगड खरे असतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर माणसंही गेली आहेत. प्रशासनाने रबरी चेंडूसुद्धा देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडे वळले.

आमच्या मोठ्या काकांचा डावा डोळा त्या नदीत गेला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. ते त्याबद्दल बोलत नाहीत. आणि माझा सोळा वर्षांचा पुतण्या यंदा जाणारच म्हणून अडून बसला होता. वहिनी दोन दिवस रडत होती. दादाने दम देऊन पाहिलं होतं. माझ्या मनात आलं, सकाळी त्याला लढाईतच गुंतवावं. लढाईवर लढाईचा उतारा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारादारांत पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवलेले होते. मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी, त्यामुळे घरात चाकांवरचे लाकडी बैल न्हाऊन, झूल घालून तयार होते. आम्ही सपरीत पोतं अंथरलं. घमेलं पालथं घालून मोठी टेकडी केली, पायली पालथी घालून लहान टेकडी. रेसिडेन्सी म्हणून काडेपेटी. कंपनीची फौज म्हणजे ज्वारीचे दाणे, भोसल्यांची म्हणजे तुरीची डाळ, आणि त्यांच्यातले अरब म्हणजे मुठीभर चिंचोके. फाशांऐवजी सहा कवड्या. तोफा ओढायला तान्ह्या पोळ्याचे बैल, आणि यात गंमत नव्हती, त्या काळी तोफा खरोखरच बैल ओढत. लीड्सच्या कपाटात माझे दीडशे रंगवलेले शिपाई आहेत. पण इतकं चांगलं सैन्य मी कधी मांडलं नव्हतं.

पुतण्या भोसल्यांकडून, मी कंपनीकडून, बाबा पंच. मी आतल्या खोलीत बसायचं, पुतण्याने अंगणात, आणि निरोप चिठ्ठीवर. मी बाबांना क्रीगश्पील समजावू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. “दोन टेसनावर दोन मास्तर, एकाले दुसरा दिसत नाई, जे काय ते मधल्या निरोपावर. चाळीस वर्सं तेच केलं ना मी.”

मला पॉडकास्टवाल्यांनी तासन्‌तास सांगूनही जे नीट कळलं नव्हतं ते त्या वाक्यात कळलं. लढाईत सेनापतीला लढाई दिसत नाही. त्याला उशिरा आलेल्या चिठ्ठ्या दिसतात.

खऱ्या लढाईत कंपनीकडे दीड हजारांच्या आत माणसं होती. कर्नल हॉपटन स्कॉट सेनापती, रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स. आप्पासाहेब भोसल्यांकडे अठरा-वीस हजार, त्यांत तीन-चार हजार अरब. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. २७ च्या सकाळी लहान टेकडीवर दारूच्या गाडीचा स्फोट झाला, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. कंपनीचं जवळपास संपलंच होतं. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात घुसला, तोफा हिसकावल्या आणि पारडं फिरलं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

आमच्या सपरीतही पुतण्याने लहान टेकडी घेतली. चार वेळा कवड्या त्याच्या बाजूने पडल्या. मी घोडदळाला निघायची चिठ्ठी दिली. बाबांनी ती पोचवलीच नाही. मी आतून ओरडलो, “बाबा, चिठ्ठी!” ते म्हणाले, “लाइन क्लिअर नाई.” दोन डाव गेल्यावर चिठ्ठी पोचली. तोवर पुतण्याने होतं नव्हतं ते सगळं सैन्य मोठ्या टेकडीवर चढवलं होतं. मागे राखीव म्हणून चिंचोकासुद्धा ठेवला नव्हता. चढावर जाणाऱ्याला बाबांनी दोन कवड्या कमी दिल्या. “घाट चढाले बँकर लागते ना, तुह्याकडं हाय का मागून ढकलाले कोनी?” नव्हता. माझे ज्वारीचे घोडेस्वार मोकळ्या मैदानातून त्याच्या तोफांपर्यंत गेले आणि बैल माझ्याकडे आले.

पुतण्या पोत्याकडे बघत राहिला. “मी जिंकतच होतो ना काका.”

“आप्पासाहेबांलेही तसंच वाटलं असन,” बाबा म्हणाले.

आप्पासाहेबांचं पुढे काय झालं ते मी त्याला सांगितलं. कैद, १८१८ च्या मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामातून शिपायाच्या वेषात पलायन, मग आपल्याच सातपुड्यात महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आसऱ्याने काढलेले महिने, मग असीरगड, आणि शेवटी १८४० मध्ये दूर जोधपूरला मृत्यू. आमच्या घरामागून दिसणाऱ्या याच डोंगररांगेत, जरा उत्तरेला, एक राजा लपून फिरत होता. पुतण्याने हे कधीच ऐकलं नव्हतं. मी त्याच्या वयाचा असताना मीही ऐकलं नव्हतं.

मोठे काका इतका वेळ खांबाला टेकून बघत होते. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“किती मेले रे त्यात?”

“कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून तीनशे सदुसष्ट,” मी म्हणालो. हा आकडा मला पाठ होता.

“आन् आपले?”

मी थांबलो. तसा नेमका आकडा मी कुठे वाचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर शोधलाही नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या लढाया ऐकताना, हा प्रश्न मला पडला नव्हता. एका बाजूचा दप्तरातला आकडा मिळाला की माझं समाधान व्हायचं.

काकांनी पोत्यावरची डाळ गोळा करायला सुरुवात केली. “मोजत नाईत,” ते म्हणाले. “माहाही डोळा कोनी कुठं लिहून ठेवला नाई.”

कोणी काही बोललं नाही. वहिनीने आतून जेवायला हाक मारली. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या, कढी आणि वडे. जेवण झालं, आणि पुतण्या चपला घालायला लागला. माझी युक्ती तेवढ्यापुरतीच होती. दादा उठला, पण त्याच्या आधी काका उठले. “चाल, मी बी येतो,” ते पुतण्याला म्हणाले. ते कित्येक वर्षांत त्या नदीवर गेले नव्हते.

ती दुपार लांबली. वहिनी देवापुढे बसली. बाबा आणि मी सपरीत. मी सवयीने कानात पॉडकास्ट घातला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. घाटातून एक मालगाडी गेली. बाबांना ती ऐकू आली की पायाखालच्या हादऱ्याने कळली, माहीत नाही, पण ते म्हणाले, “बँकर लावला हाय.”

अंधार पडताना दोघं परत आले. पुतण्याच्या अंगावर धूळ होती, रक्त नव्हतं. वहिनीने त्याचं डोकं, हात, पाठ चाचपून पाहिली. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, “फेकला का त्यानं?”

“एक फेकला,” काका म्हणाले. “मंग पलीकडं कोनी पडला. याच्याच दगडानं का आनखी कोनाच्या, कोनाले ठाऊक. तिथून म्हने, चाला. मंग आम्ही चाय पेलो आन् आलो.”

रात्री पुतण्या माझ्या बाजेपाशी आला. म्हणाला, “काका, राखीव ठेवले असते तर जिंकलो असतो ना?” मी म्हणालो, बहुतेक. तो म्हणाला, “पुढच्या वेळी मी पंच होतो.” मग थोडा वेळ थांबून, “पंचाले दोन्ही बाजूचे मोजता येतेत ना?”

मी हो म्हणालो.

परतीच्या गाडीत मी पुन्हा कानात बोंडकं घातली. छंद सुटलेला नाही, आणि सुटावा असंही वाटत नाही. लीड्सच्या टेबलावर सध्या मी तीस अरब रंगवतोय. सामानात येताना आणखी दोन गोष्टी आल्या. बाबांनी दिलेला, एक चाक निघालेला लाकडी बैल, आणि काकांनी पुडीत बांधून दिलेली ती तुरीची डाळ. “शिजवजो,” असं ते म्हणाले होते. अजून शिजवलेली नाही. मोजायची राहिली आहे.