तारेत अडकलेलं

‘माय फ्रेंड फ्लिका’ या १९४३च्या चित्रपटात घोड्यांची दौड भरपूर आहे, वायोमिंगची ऐसपैस कुरणं आहेत. माझं मन मात्र अडकलं ते काटेरी तारेत. वडील आपल्या मुलाला, केनला, एक शिंगरू निवडायला सांगतात आणि तो नेमकी बेफाम घोडीची पोर, फ्लिका, निवडतो. धरून आणल्यावर ती बिथरते, कुंपणावर झेपावते आणि तारेत रक्तबंबाळ होते.

ही तार आमच्या ओळखीची. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघालं की तूर भरायला लागते, आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात. धुऱ्यावर उभा राहिलेला नर पाहावा: निळसर राखाडी अंग, खांद्यापासून मागे उतरती पाठ, गळ्याखाली केसांचा झुबका. लांबून घोडाच वाटतो. एका रात्रीत कळप तुरीचे शेंडे, फुलं, शेंगा खातो आणि उरलेलं तुडवून जातो. म्हणून जागल आली, बॅटरी आली, फटाके आले, झटका मशीन आलं. ऐन थंडीत रात्री दोनला शेकोटीत लाकूड सारत बसलेल्या माणसाला कुणी प्राणिप्रेम शिकवू नये. सकाळी तारेच्या काट्याला केसांचा पुंजका असतो आणि खाली तूर भुईसपाट. दोघांचंही नुकसान एकाच जागी. अमेरिकेत जोसेफ ग्लिडननं १८७४ साली अशा तारेचं पेटंट घेतलं. तोही शेतकरीच होता. आमच्या जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. त्याची हद्द रोह्यांना कोण सांगणार?

चित्रपटातले फास टाकून जनावर धरण्याचे प्रसंग मला रुचत नाहीत. जखम चिघळलेल्या फ्लिकाला धरून केन रात्री ओढ्याच्या गार पाण्यात बसून राहतो, तो प्रसंग मला फार आवडतो. पोरगा आजारी पडतो, पण घोडी खऱ्या अर्थानं त्याची होते ती तिथे.

आमच्याकडे घोडा म्हटलं की बंजारा संत सेवालाल महाराजांचा तोळाराम. बंजाऱ्यांची लदेणी मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख तुडवायची. जिथे चारा-पाणी, तिथे तांड्याचा मुक्काम. कुंपणांनी कापलेल्या शिवारात ती वाट आज कशी निघाली असती? पोहरादेवीला २०२४ साली बंजाऱ्यांचं नंगारा संग्रहालय उघडलं. पोरांना तिथे जरूर न्यावं. परतताना मानोऱ्याच्या रस्त्यानं गाडी जरा हळू हाकावी. दिवस मावळला की रोही रस्ता ओलांडतात.