धुऱ्यावरची भाजी परसात

डोणगावच्या आमच्या घरामागे न्हाणी आणि गोठ्याची पडकी भिंत यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या गुंठ्याची जागा आहे. तिथे भाजी लावायचं ठरवलं तेव्हा हाताशी पाचशे रुपये होते. तेही सगळे लागले नाहीत.

मेहकर तालुक्याच्या या पट्ट्यात खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि तूर. भाजी मात्र आठवडी बाजारातून येते. सासूबाईंना ते कधीच पटलं नाही. त्यांच्या तरुणपणी रानात कपाशी होती. पऱ्हाटीच्या तासांमध्ये आंबाडी, चवळी, वाळकं असत, धुऱ्यावर वाल चढत. निंदायला गेलेली बाई ओटीत भाजी घेऊनच परते. नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन पसरलं. ते दाट पेरायचं, वर तणनाशक मारायचं. त्यात आंबाडी टिकणार कशी? ही भाजी कुणी विकत नव्हतं, म्हणून ती गेली तेव्हा कुणाच्या हिशेबातही आली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

"इकत काऊन आनतं वं? सारं घरीच हाये," त्या म्हणाल्या, आणि खरंच होतं. तुराट्यांचं कुंपण झालं, दोडक्याच्या मांडवाला जुन्या बल्ल्या मिळाल्या. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिबडते, म्हणून शेणखत मिसळून उंच वाफे केले. खत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणाने हुमणी येते.

सगळ्यांत मोठं धन म्हणजे सोयाबीनचं कुटार. मळणीनंतर कितीतरी ठिकाणी ते धुऱ्यावर पेटवून देतात. ते मी वाफ्यांवर चार बोटं जाड पसरते. ओल टिकते, तण दबतं, आणि खालचा थर सावकाश कुजून मातीत जातो. ते मातीत मिसळायचं मात्र नाही, वरच ठेवायचं. कच्चं कुटार कुजताना मातीतलं नत्र खातं आणि रोपं पिवळी पडतात.

पाण्याचे खरे हाल एप्रिल-मे महिन्यांत. न्हाणीचं पाणी विटांच्या तुकड्यांतून धोप्याच्या (अळूच्या) आणि केळीच्या आळ्यात सोडलं आहे. सांभार (कोथिंबीर), पालक यांना ते देत नाही. त्यांच्या वाट्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी येतं.

खतासाठी जीवामृत करते. त्याचं प्रमाण अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं. एकरासाठी दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. मला एवढं काय करायचं? दहा लिटरच्या बादलीला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र आणि गूळ-बेसन शंभर-शंभर ग्रॅम पुरतं. दोन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. शेण-गोमूत्र शेजारच्या गोठ्यातलं. त्या काकूंना बदल्यात मेथीची जुडी जाते.

मावा-तुडतुड्यांना निंबोळी अर्क. पावसाळ्याच्या तोंडाला निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हा त्या वेचून सावलीत वाळवायच्या. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम भरड, रात्रभर भिजवून गाळलेली. फवारणी संध्याकाळीच करते, कारण उन्हात त्यातला कडू गुण लवकर नाहीसा होतो.

पैसे लागले ते गूळ-बेसनाला आणि थोड्या बियाण्याला. संकरित वांग्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची झाडं तशीच निघत नाहीत. म्हणून गावरान बी शोधलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती असंच घराघरांतलं बी जपल्याबद्दल. आमच्या आळीत आंबाडीचं बी एका म्हातारीच्या गाडग्यात राखेत मिसळलेलं निघालं. दोडक्याचं तर वाळलेल्या फळातच सुरक्षित राहतं.

बचतगटातल्या बायांनी आता बी मागितलं आहे. मूठभर न्यायचं आणि पुढच्या हंगामात दोन मुठी द्यायच्या, त्याही मला नाही, जिच्याकडे नसेल तिला, असं ठरलं. आणि यंदा शेतात धुऱ्याकडची दोन तासं तणनाशकाविना सोडायला घरचे तयार झाले आहेत. तिथे चवळी आणि आंबाडी पेरणार.