शंभरांत एक काळी

माउंट रशमोर आणि डेव्हिल्स टॉवर आटोपून यलोस्टोनकडे निघालेली मराठी कुटुंबं वायोमिंगमधल्या बफेलो गावात पेट्रोल भरतात, समोरच्या बिगहॉर्न डोंगराचे फोटो काढतात आणि पुढं जातात. आम्हीही तेच केलं असतं. पण मी फलटणची. माणदेशातून खाली उतरणारी मेंढरं दारावरून जाताना बघत वाढले, आणि विणायच्या सुया हातात नसतील तर मला करमत नाही. लेकीनं ते ध्यानात ठेवून बफेलोच्या अलीकडे, केसी गावापासून आत असलेल्या एका मेंढ्यांच्या रँचवर मुक्काम ठरवला होता. जावयांना मेंढ्यांत रस नव्हता. त्यांना तिथं मोबाइलला रेंज नसते, याचं आकर्षण होतं.

डेन्व्हरहून सरळ उत्तरेला जाणारा रस्ता. कॅस्पर मागं पडलं की माणूस दिसणं कठीण. वायोमिंगचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चार-पंचमांश आणि वस्ती सहा लाखांच्या आत. मैलोन्‌मैल करड्या रंगाची सेजब्रशची झुडपं, मधूनच हरणांसारख्या प्रॉन्गहॉर्नचे घोळके. पाऊस इतका कमी की शेतीचं नाव नको. आमच्या माणमध्ये जे मेंढीला जमतं तेच इथंही जमतं: ज्याच्याकडे गाय बघणारही नाही अशा झाडोऱ्यावर ती जगते.

मे महिन्याचा पहिला आठवडा, कातरणीचे दिवस. इथं मेंढ्या विण्याच्या आधी कातरतात. मला आधी हे क्रूर वाटलं, कारण डोंगरावर अजून बर्फ होतं. मालकीणबाईंनी कारण सांगितलं. अंगावर लोकर असलेल्या मेंढीला थंडी कळत नाही, ती उघड्यावरच विते आणि ओलं कोकरू गारठून मरतं. कातरलेली मेंढी आपणहून आडोसा शोधते. शिवाय कोकराला सड पटकन सापडतो.

कातरणारी टोळी गावोगाव फिरणारी. माणूस मेंढीला ढुंगणावर बसवतो, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवतो आणि पोटापासून यंत्र चालवायला लागतो. चारी पाय जमिनीवरून सुटले की मेंढी हातपाय झाडत नाही. दोन-तीन मिनिटांत सगळी लोकर एका अखंड कातड्यासारखी सुटून खाली पडते आणि आत लपलेली, निम्म्यानं लहान झालेली मेंढी धडपडत बाहेर पळते. आमचे धनगर पाय बांधून, आडवं पाडून हातकात्रीनं कातरतात.

लोकर मग फळ्यांच्या जाळीदार टेबलावर टाकतात. पोटाची, शेपटीकडची, लेंढ्या चिकटलेली कड हातानं फाडून वेगळी करायची. हे काम मालकीणबाईंचं. त्यांनी मला शेजारी उभं केलं. वरून लोकर मातकट दिसते. बोटांनी फाकवली की आत साईसारखा पांढरा रंग आणि बारीक बारीक नागमोडी वळणं. पाचेक मिनिटांत माझे हात तुपकट झाले. ते लोकरीचं तेल, लॅनोलिन. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पैसे मोजून घेतो तेच. बाईंनी एक बट उपटली, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि माझ्या कानाजवळ झटक्यानं ताणली. तारेसारखा आवाज आला. तडतडली असती तर समजायचं, वर्षभरात कधीतरी मेंढी उपाशी राहिली किंवा आजारी पडली, आणि तेवढ्याच जागी तंतू कच्चा राहिला. वर्षभराच्या वाढीत जनावराचं वर्षभराचं दुखणं नोंदलेलं असतं.

या मेंढ्या रॅम्बुलेट. फ्रान्सच्या सोळाव्या लुईनं 1786 मध्ये स्पेनहून मेरिनो मेंढ्या आणवून पॅरिसजवळच्या रॅम्बुलेटच्या शाही शेतावर ठेवल्या, त्यांचा हा वंश. तंतू साधारण वीस-बावीस मायक्रॉनचा, मानेला टोचत नाही असा. आपल्याकडे राजस्थानातल्या अविकानगरच्या संस्थेत याच जातीचे नर वापरून देशी मेंढ्यांचे संकर केले गेले. दख्खनी मेंढीची लोकर याच्यापुढं अगदी राठ, आणि वर्षाला मिळते किलोच्या आतच. पण राठ म्हणून ती कमअस्सल, हे मला मान्य नाही. रॅम्बुलेटचं घोंगडं करून माळावर पावसात बसून दाखवा.

या भागातली मेंढपाळी बरीचशी बास्क लोकांनी उभी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सकडच्या बास्क डोंगरांतून मुलं आली, पगाराऐवजी मेंढ्या घेत घेत मालक झाली. बाईंच्या नवऱ्याचे आजोबा त्यातलेच. आता राखणीला पेरूहून माणसं येतात, हंगामी व्हिसावर. त्यांचं घर म्हणजे चाकांवरची मेंढवॅगन. ही मांडणी 1884 च्या सुमारास याच राज्यातल्या रॉलिन्समध्ये रूढ झाली: दाराशी चूल, मागं आडवा पलंग, पलंगाखालून ओढून काढायचं टेबल. मी आत बसून पाहिलं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्या धनगरणीला यातलं सगळं पटलं असतं, फक्त माणूस त्यात एकटा असतो, हे सोडून. सोबतीला दोन थोराड पांढरी पिरेनीज कुत्री. ती पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतात आणि कायोटी आला की त्याच्या अंगावर जातात.

रात्री जेवताना बाईंचे यजमान म्हणाले, उद्या डोंगर ओलांडून टेन स्लीपला उतराल, तिथं स्प्रिंग क्रीकजवळ जरा थांबा. गायवाल्यांनी तिथं एक रेषा ठरवली होती, मेंढ्यांनी ती ओलांडायची नाही. 1909 च्या एप्रिलमध्ये ती ओलांडणाऱ्या तळावर रात्री हल्ला झाला, तीन माणसं मारली, वॅगन जाळल्या. पाच जणांना तुरुंगवास झाला आणि असले हल्ले जवळजवळ थांबले.

मेंढ्यांना मग गायवाल्यांनी नाही, बाजारानं मारलं. 1942 मध्ये अमेरिकेत साडेपाच कोटींहून जास्त मेंढ्या होत्या, आता पन्नास लाखांच्या आसपास. नायलॉन आलं, अ‍ॅक्रिलिक आलं; 1954 च्या कायद्यानं लोकरीला मिळणारं सरकारी अनुदान नव्वदच्या दशकाच्या मध्यात बंद झालं. आज रँचचा पैसा कोकरांच्या मटणाचा. लोकरीच्या चेकमधून कातरणाऱ्यांची मजुरी निघाली तरी पुष्कळ.

म्हणून बाईंनी सूत काढायला घेतलं, आणि त्याला कारण ठरल्या काळ्या मेंढ्या. पांढऱ्या कळपात शंभरामागं एक काळी ठेवायची इथली जुनी रीत. हजार-दोन हजार मेंढ्या रोज कोण मोजणार? काळ्या मोजायच्या, एक कमी भरली की समजायचं, तिच्यासोबत आणखीही गेल्या. पण लोकरीच्या व्यापाऱ्याला काळा तंतू नको. त्यावर रंग चढत नाही, पांढऱ्या गठ्ठ्यात चार केस मिसळले तरी भाव पडतो. काळी लोकर वर्षानुवर्षं कोपऱ्यात साठायची. बाईंनी ती एकदा कातून आणली, विणणाऱ्या बायकांना दाखवली, आणि आता काळीलाच सगळ्यात आधी मागणी येते. काळी म्हणजे खरं तर गर्द तपकिरी, उन्हानं टोकं भुरकट झालेली. पांढऱ्यात कमी-जास्त मिसळून त्या राखाडीच्या छटा करतात, रंगाचा थेंब न वापरता. हल्ली काळ्या मेंढ्या शंभरांत एकीहून बऱ्याच जास्त आहेत. मोजणीचं काय, विचारलं तर हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिकअपमागोमाग बफेलोतल्या सूतगिरणीत गेलो. गिरणीही एका कुटुंबाची, प्रत्येक रँचची लोकर वेगळी ठेवून कातणारी. लोकर कढत साबणपाण्यात नुसती बुडवून ठेवतात. घुसळली तर तिचा नमदा होईल. धुतल्यावर वजन जवळपास निम्म्यावर येतं. मग पिंजण, पेळू, कताई, दोन-तीन पदरांचा पीळ, वाफ. मोठ्या गिरण्यांत गवताचे कण आम्लानं जाळतात, लोकर मशीनमध्ये आटू नये म्हणून क्लोरीन देऊन वर पॉलिमरचा लेप चढवतात. इथं त्यातलं काही नाही, म्हणून लडीत क्वचित एखादी काडी सापडते आणि स्वेटर हातानंच धुवावा लागतो. शंभर ग्रॅमची लडी वीस-पंचवीस डॉलरची. स्वेटरला पाच-सहा लागतात. नैसर्गिक म्हणून महाग, असं लोक म्हणतात. मला दिसली ती हातांची मजुरी. मी तीन घेतल्या, टोपी आणि हातमोज्यांपुरत्या.

पैसे देताना मी मोबाइलवर घरच्या घोंगड्याचा फोटो दाखवला. एकपदरी हातसूत मागावर ताणलं की तुटत कसं नाही, हे गिरणीतल्या पोरीला कळेना. मी म्हटलं, ताण्याला खळ देतो. कसली? चिंचोक्याची, चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे आणि कुंच्यानं सुतावर ओढायचं. तिनं ते पावतीच्या मागं लिहून घेतलं आणि विचारलं, वायोमिंगमध्ये चिंच कुठं मिळेल? लेक म्हणाली, डेन्व्हरच्या इंडियन स्टोअरमध्ये हवी तेवढी मिळते, पण बिया काढलेली.