राखलेला उजेड

वाई,
आषाढ

प्रिय शालू,

तुझं पत्र मिळालं. ‘अजून जलरंगच का गं? ॲक्रिलिक सोपं नाही का पडत?’ असं तू विचारलंयस. सोपं पडतं, पण माझा जीव पाण्यातच अडकलाय. परवाचंच सांगते.

पावसाने उघडीप दिली तशी बोर्ड काखेत मारून मेणवलीचा घाट गाठला. ओल्या काळ्या पायऱ्या, वर मेणेश्वराचं देऊळ आणि ढगांतून निसटलेली उन्हाची तिरीप नेमकी पायऱ्यांच्या कडांवर. जेमतेम चार रेघा मारल्या आणि आधी ठरवलं, रंग कुठे लावायचा नाही. आपला पांढरा म्हणजे कागदच ना! तैलरंगात उजेड शेवटी ठेवता येतो, इथे तो पहिल्यापासून राखावा लागतो.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात कालवून सावलीचा वॉश सोडला. बोर्ड जरा कलता धरला की रंगाचं पाणी खालच्या कडेला जमतं, ते ब्रशने अलगद खाली नेत राहायचं. मध्येच हात थांबला की डाग धरलाच. तिसऱ्या पायरीशी माझं लक्ष क्षणभर ढळलं आणि पाणी कोऱ्या पट्टीवर चढलं. लगेच टिपलं, तरी निळी झाक राहिलीच. फार हळहळले गं.

त्यात ही हवा! चैत्र-वैशाखात वॉश अर्ध्यावर असतानाच वाळतो, आषाढात तासभर वाळत नाही. माझा धीर सुटला, दमट कागदावर ओला ब्रश टेकवला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलला.

सकाळी कागद पूर्ण वाळल्यावर खिडकीशी नेला. रंग नेहमीसारखा फिका पडला होता, पण सावलीत अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसले होते आणि त्यांच्या आजूबाजूला सिएनाची ऊब उरली होती. दगडाचा खरखरीतपणा! तो मी काढलाच नव्हता. रात्रभरात पाण्याने तो आणून ठेवला होता. तिसरी पायरी अजून सलते, पण त्या वीतभर सावलीसाठी मी पुन्हा शंभर कागद भिजवीन.

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावंतवाडीच्या हळदणकरांचं चित्र आठवतं? हातात दिवा घेतलेली ती स्त्री, बोटांच्या फटींतून झिरपणारा तो तांबूस उजेड. आपण दोघी तिथून हलत नव्हतो. १९४०च्या दशकातलं ते चित्र जलरंगातलं आहे, याचा अर्थ मला आता हाताने कळतो. पहिला वॉश सोडण्याआधीच तो उजेड त्यांच्या डोळ्यांपुढे लखलखत असणार.

तू लिहिलंयस, तुझी रंगांची पेटी माळ्यावर पडून आहे, रंगांचे खडे झालेत. शालू, ती टाकू नकोस. ॲक्रिलिक वाळलं की संपलं. आपल्या रंगांत डिंक असतो, म्हणून कितीही वर्षांच्या खड्यावर पाण्याचा थेंब सोड, दोन मिनिटं थांब आणि ब्रश फिरव. कागदावर एक चूक माफ न करणारं हे पाणी पेटीत मात्र वर्षांचा हिशेब विचारत नाही.

पेटी खाली काढ. पहिल्या कागदाचा फोटो पाठव.

तुझी,
सुमा