रस्ता आधीं कागदावर

आमच्या सोलापुरांत चार माणसें एकत्र बसलीं म्हणजे बोलणें उन्हाळ्यावरून निघतें, पाण्यावर येतें आणि शेवटीं रस्त्यांवर येऊन थांबतें. परवां सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं असेंच झालें. आमचे एक वृद्ध स्नेही, ज्यांचा सारा जन्म मागावर चादरी विणण्यांत गेला, धोतराच्या सोग्यानें तोंडावरची धूळ पुशीत म्हणाले, "भाऊसाहेब, तीस वर्षें तुम्ही रस्त्यांच्या टेबलावर होतां. एवढ्या काळांत तुम्हीं केलें तरी काय?" आम्हीं उत्तर दिलें, "वाचलें." ते हंसले. त्यांना ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती, आणि ती कां नव्हती हें सांगण्यासाठींच आम्ही हें लिहावयास बसलों आहों.

ज्या स्थानिक संस्थेंत आम्हीं नोकरी केली तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सर्वत्र काम एकच असतें. रस्ता खडीचा व डांबराचा होतो अशी लोकांची समजूत आहे, आणि तींत चूक कांहींच नाहीं. मात्र त्यापूर्वीं तो कागदाचा व्हावा लागतो. कोठें कोणता कायदा झाला, कोणत्या नियमांतील कोणता शब्द बदलला, कोणत्या शीर्षाखालीं किती रक्कम ठेवली, हें ज्या कचेरीस वेळेवर कळत नाहीं तिच्या हद्दींतील रस्ता कागदावरच राहतो.

पूर्वीं हा पैसा डोळ्यांसमोर असे. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड कायम झाला. त्याचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांस व एक हिस्सा शाळांस, अशी वांटणी असे. आपला आणा कोठें गेला हें शेतकऱ्यास बांधावर उभें राहून पाहतां येई. शहराची भिस्त जकातीवर. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली, १८७७ सालीं जुनी मिल निघाली, आणि गांवांत शिरणारी प्रत्येक गाडी नाक्यावर थांबून रस्त्याची खर्ची देऊं लागली.

पुढें मोटारी आल्या. या जिल्ह्याचा रस्ता त्या जिल्ह्याच्या गाड्या उखडूं लागल्या, आणि दुरुस्तीचा भार कोणी सोसावा हा वाद उभा राहिला. त्यासाठीं १९२७ सालीं जी समिति नेमली गेली तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते हें एकट्या प्रांताचें वा लोकल बोर्डाचें ओझें नव्हे, सबब पेट्रोलवर कर बसवून तो रस्त्यांसाठीं राखून ठेवावा, असा तिचा अभिप्राय पडला. १९२९ सालीं गॅलनमागें दोन आण्यांचा तो कर बसला व मध्यवर्ती रस्तेनिधि अस्तित्वांत आला. तो अजून आहे. २००० सालीं त्यास स्वतंत्र कायद्याचें अधिष्ठान मिळालें, आणि २०१८ सालीं त्याच्या नांवांत 'पायाभूत सुविधा' हे दोन शब्द शिरले. दोनच शब्द; परंतु त्यांचा अर्थ असा कीं त्या निधीवर आतां एकट्या रस्त्याचा हक्क राहिला नाहीं.

इकडे नाकेहि गेले. जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला; तोहि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक उठला; १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि महापालिकांस नुकसानभरपाई मुंबईहून हप्त्यानें मिळूं लागली. १९९३ पासून रस्ते व पूल हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टांत नगरसंस्थांच्या नांवें आहे खरा. पण यादींत काम आलें म्हणजे त्याबरोबर थैलीहि आली असें नव्हे. ज्याचा पैसा वेशीवर जमतो त्यास वेशीवर पाहारा पुरतो. ज्याचा पैसा दिल्लीमुंबईस ठरतो त्यास तेथल्या कागदांवर पाहारा ठेवावा लागतो.

हा पाहारा म्हणजेच आमची नोकरी. तिचें एक पंचांग असे. फेब्रुवारींत केंद्राचें अंदाजपत्रक, मार्चांत राज्याचें. मग पावसाळी व हिंवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्या, जिल्हा नियोजन समितीच्या बैठका, आणि बारा महिने तेरा काळ शासन निर्णय. त्यांतून आपल्या उपयोगाचें तें टिपून घ्यावयाचें, वहींत तारीख घालावयाची, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा या पायऱ्या मोजावयाच्या. आणि मागील रकमेचें उपयोगिता प्रमाणपत्र गेलें कीं नाहीं तें पाहावयाचें, कारण तें गेल्याशिवाय पुढचा हप्ता हालत नाहीं.

आंकडा वाचणें हीहि एक विद्या आहे. ९ जानेवारी २०१९ रोजीं सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्तें बसली. लांबी ८४.४४ किलोमीटर, खर्च ९०४.९२ कोटी रुपये. आई तुळजाभवानीस आगगाडीनें जावयाचें या कल्पनेनें शहर हर्षभरित झालें, आणि आम्हीहि झालों. तथापि कोनशिला ही तरतूद नव्हे. रेल्वेच्या ज्या यादीस गुलाबी पुस्तक म्हणतात, तींत प्रत्येक कामापुढें त्या सालची रक्कम छापलेली असते. एखाद्या कामापुढें केवळ १००० रुपये असतात, म्हणजे काम मेलेलें नाहीं व चालतहि नाहीं. निम्मा खर्च राज्यानें उचलावा कीं नाहीं हाच प्रश्न या मार्गाच्या वाटेंत कित्येक वर्षें आडवा पडला होता. पुढें राज्यानें तो वांटा पत्करला. भाषणें एका दिवसाचीं असतात. त्या ओळीपुढचा आंकडा दरसाल पाहावा लागतो.

आंकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर रस्त्यांच्या क्रमांकांचीहि सांगतों. पुणें–हैदराबाद रस्ता आमच्या तरुणपणीं ९ क्रमांकाचा होता. २०१० च्या फेरमांडणींत तो ६५ झाला. विजयपूरचा १३ व धुळ्याचा २११ हे दोन्ही ५२ या एकाच नांवाखालीं गेले. गाडीवानास त्याचें कांहीं नाहीं. तो "विजापूर रोड"च म्हणणार. पण पत्रावर जुना क्रमांक पडला तर पत्र परत येतें.

आमच्या हातूनहि एकदां असेंच कांहीं घडलें, आणि तें सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. शहराच्या टोकाच्या एका वस्तीकडे जातांना ओढा आडवा येतो. तेथें मोरी बांधण्याचा प्रस्ताव आम्हींच तयार केला. तो जाण्यापूर्वीं थोडेच दिवस अगोदर नवा शासन निर्णय निघाला होता कीं, आपला हिस्सा भरण्याची हमी देणारा ठराव सोबत जोडावा. घरीं लग्न होतें. चार दिवसांचे कागद आम्हीं न वाचतां दप्तरांत ठेविले. प्रस्ताव ठरावाशिवाय गेला, त्रुटीचा शेरा घेऊन परत आला, तेव्हां ३१ मार्च उलटून गेला होता.

सोलापूरचा पाऊस थोडा. पण सप्टेंबरांत तो कधीं कधीं एकदम येतो. त्या वर्षीं तसा आला. वस्तींतील आठवीची एक मुलगी रोज ओढा ओलांडून शाळेस जाई. एके दिवशीं ती पाण्यांत पडली. लोकांनीं ओढून काढली, म्हणून वांचली. दुसऱ्या दिवसापासून बापानें तिला घरीं बसविलें. पुढच्या वर्षीं मोरी झाली, आणि चांगली झाली. मोजमापाच्या दिवशीं आम्ही तेथें गेलों, तेव्हां ती मुलगी दाराशीं आईजवळ बसून विड्या वळीत होती. "आतां शाळेंत जातेस ना?" असें आम्हीं विचारलें. तिनें मान हालविली आणि सूप जवळ ओढलें.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हें सारें सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "एक धागा सुटला तर चादर लगेच दिसते वाईट. तुमच्या धंद्यांत तें दिसत नाहीं, नाहीं कां?" आम्हीं म्हटलें, "ज्याच्या अंगावर ती पडते त्याला दिसतें."

नोकरी संपून आतां बरींच वर्षें झालीं. तरी सकाळीं चहा घेतल्यावर त्या दिवशींचे शासन निर्णय आम्ही अजून वाचतों. कोणी विचारीत नाहीं, कोणास सांगावयाचेंहि नसतें. केव्हां केव्हां त्या वस्तीकडे फिरावयास जातों. मोरीच्या कठड्यावर ती बांधल्याचें साल कोरलेलें आहे. मुलें तिच्यावरून धांवत शाळेस जातात. तें साल कोणी वाचीत नाहीं. आम्ही वाचतों.