‘तार आली’ म्हणजे नेमकं काय आलं?



१९४२ च्या चळवळीचा पाठ शिकवताना ‘कार्यकर्त्यांनी तारा तोडल्या’ हे वाक्य येतं. नाना पाटलांच्या वाळवा तालुक्यातली मुलंसुद्धा विचारतात, “मग गावात अंधार झाला का सर?” त्यांची तार विजेची, नाहीतर द्राक्षबागेच्या मांडवाची. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (वाळवा, तासगाव त्यातच होते) पोलिसांचे निरोप याच तारांवरून जायचे, म्हणून त्या तोडल्या, हे वेगळं सांगावं लागतं.

आता गंमत बघा. ‘टेलिग्राफ’ शब्द फ्रान्समध्ये तयार झाला तेव्हा त्यात तार नव्हतीच! १७९४ मध्ये क्लोद शापच्या यंत्रणेने पॅरिस ते लील असे निरोप जायचे ते मनोऱ्यांवरच्या लाकडी हातांच्या खुणांनी. ‘टेले’ म्हणजे दूर, ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणं. दोन्ही ग्रीक, पण जोडले फ्रेंचांनी. पुढे विजेची तार आली, तरी इंग्रजी, जर्मन, रशियन सगळ्यांनी तेच नाव ठेवलं.

आपल्या लोकांनी मात्र डोळ्यांना दिसलं ते नाव दिलं: तार. मग निरोपही तारच झाला. तिकडे आइसलँडच्या लोकांनी तर टेलिफोनला ‘सीमी’ म्हटलं. हा त्यांचा धाग्यासाठीचा जुना, विसरलेला शब्द. मला हा मार्ग फार आवडतो.

टेलिफोनसाठी जर्मन पोस्टखात्याने १८७७ मध्ये ‘फर्नश्प्रेखर’ म्हणजे ‘दूर-बोल्या’ असा शब्द आणला. आपला ‘दूरध्वनी’ त्याच जातीचा. आज जर्मन माणूस ‘टेलेफोन’च म्हणतो आणि आपला दूरध्वनी लेटरहेडवर उरलाय.

‘तार’ तशी कागदी नव्हती. आपल्याकडे घरोघरी फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात. अशा घरात ‘तार आली’ एवढे दोनच शब्द पुरेसे असत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आज शाळेत बसलेल्या बहुतेक मुलांनी तार पाहिलेलीच नाही, मग धड्यातलं ‘तार आली’ त्यांना कसं कळणार? शब्दकोशातला अर्थ सांगून भागत नाही.

म्हणून मी आजी-आजोबांना विचारून यायला सांगतो. पालकहो, तुम्हीही घरी हा विषय काढा. एका मुलीने वहीत आजीचं उत्तर लिहून आणलं होतं, “तार आली की आम्ही आधी पोस्टमनच्या तोंडाकडं बघायचो.”